कोग्गलाचं सरोवर आणि अठ्ठावीस तासांचं पेट्रोल

सोमवार, कोलंबो

मुंबईहून कोलंबोला विमान अडीच तासांत पोचतं. दादा माझा मावसभाऊ. हवाई दलात इंजिन फिटर म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. तो उतरता उतरता म्हणाला, "कॅटालिना असती तर आत्ता कुठे गोवा मागे पडलं असतं." कॅटालिना म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं, पाण्यावर उतरणारं विमान, उडती बोट. हिशोब बरोबर होता. अंतर साधारण दीड हजार किलोमीटर, कॅटालिनाचा आरामाचा वेग ताशी 200 किलोमीटर. म्हणजे साडेसात-आठ तास. पण हेच विमान याच बेटावरून निघून पुढे अठ्ठावीस-अठ्ठावीस तास कुठेही न टेकता उडायचं. आमची सगळी सहल त्याच्या मागावर होती. सीतामाई, अशोकवाटिका वगैरे घरच्यांना सांगितलेलं कारण.

दुपारी रेसकोर्सवर गेलो. आता तिथे दुकानं आहेत, कॉफी आहे, रग्बीचं मैदान आहे. 1942 साली घोड्यांच्या शर्यती बंद करून इथे धावपट्टी केली आणि ब्रिटिशांची हरिकेन लढाऊ विमानं आणून ठेवली. 5 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी सकाळी जपानी विमानं कोलंबोवर आली, तेव्हा या मैदानावरून हरिकेन उठली. ती आधीपासून सावध का होती, याचं उत्तर दक्षिणेला, कोग्गलात होतं.

रात्री कोट्टू खाल्लं. तव्यावर पोळीचे तुकडे दोन पात्यांनी खणाखणा तोडत असताना दादाने तेवढ्यात विक्रेत्याला विचारलं की दिवसाला गॅस किती लागतो. सवय जात नाही.

मंगळवार, किनाऱ्याची रेल्वे

कोलंबो फोर्टहून गॉलकडे जाणारी गाडी समुद्राला इतकी चिकटून जाते की भरतीच्या वेळी तुषार खिडकीत येतात. उजव्या बाजूला बसावं. आम्हाला जागा डावीकडे मिळाली, म्हणून उभ्यानेच दारात.

तिथे दारात उभं राहून दादाने मला पल्ला (किती लांब जाता येतं) आणि तग (किती वेळ हवेत राहता येतं) यांतला फरक समजावला. मी तोवर समजत होतो की विमानाचा पल्ला म्हणजे पुस्तकात लिहिलेला एक आकडा. कॅटालिनासाठी तो साधारण 4,000 किलोमीटर लिहितात. दादा म्हणाला, "तो आकडा विमानाचा नाही रे, त्या दिवशीच्या सौद्याचा आहे. टाकीत किती भरलं, पोटात काय लादलं, वारा कुठला, आणि इंजिनावर बसलेला माणूस किती कंजूस."

शिवाय लांब जायचं असेल तर एक वेग, आणि जास्तीत जास्त वेळ हवेत राहायचं असेल तर दुसरा, आणखी कमी. स्कूटरवाल्याला दुसरा हिशोब कधीच करावा लागत नाही, कारण स्कूटर थांबवता येते. विमान थांबवता येत नाही. गस्तीला निघालेल्या विमानाला कुठे पोचायचंच नसतं, त्याला समुद्राच्या एका तुकड्यावर पहारा द्यायचा असतो. त्याचं नाणं किलोमीटर नव्हे, तास. वर पेट्रोल जळेल तसं विमान हलकं होत जातं आणि किफायतीचा वेगही खाली येत जातो. सकाळचा काटा संध्याकाळी चालत नाही. वैमानिकाला दर थोड्या वेळाने वेग उतरवत न्यावा लागतो. समोरून वारा असेल तर मात्र उलट: जरा जोर लावायचा, नाहीतर वाऱ्यातच आयुष्य जातं.

कॅटालिनात हे सगळं सांभाळणारा फ्लाइट इंजिनियर बसायचा कुठे, तर पंख आणि पोट यांना जोडणाऱ्या खांबात. विमानाचा पंख अंगावर छत्रीसारखा वर धरलेला, 31.7 मीटर लांब, आणि मधल्या खांबात हा माणूस, दोन्ही बाजूंना चिमुकल्या खिडक्या. प्रॅट अँड व्हिटनीची दोन ट्विन वॅस्प इंजिनं, प्रत्येकी 1,200 अश्वशक्तीची. त्यांच्या मिक्श्चरच्या दांड्या याच्या हातात. हवेच्या प्रमाणात पेट्रोल जितकं कमी करता येईल तितकं करायचं, पण सिलिंडरचं डोकं तापायला लागायच्या आधी थांबायचं. "त्या दोन रेघांमधली जी बोटभर जागा आहे," दादा म्हणाला, "त्यातच पल्ला असतो. बाकी सगळं कारखान्यात ठरलेलं."

गॉलचा किल्ला पाहिला. डचांचा, सुंदर, गर्दी फार. त्याच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

बुधवार, कोग्गला

गॉलहून बसने अर्ध्या तासात कोग्गला. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सरोवर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रूळ आणि धावपट्टी. धावपट्टी श्रीलंका हवाई दलाकडे आहे. कुंपणापाशी फोटो काढू नका असं पहारेकऱ्याने हसत सांगितलं, आम्ही काढला नाही.

सरोवरात बोट घेतली. नावाडी दालचिनीचं बेट दाखवायला उत्सुक होता. आम्ही त्याला म्हणालो, आधी मधोमध ने आणि इंजिन बंद कर. तिथून दिसतं ते असं: सगळीकडून खारफुटी आणि माड, मध्ये बेटं, आणि मोकळं पाणी जेमतेम पुरेल एवढं. वारा नसलेल्या दिवशी पाणी तेलासारखं सपाट असतं. ऐकायला छान, पण उडत्या बोटीला सपाट पाणी नको असतं, ते बुडाला चिकटतं. थोड्या लाटा असल्या की बूड सुटायला मदत होते. सोळा टनांचं धूड घेऊन या पाण्यावरून धावायचं आणि समोरच्या माडांच्या शेंड्यांवरून निघायचं, हे नुसतं बघूनही छातीत धस्स होतं.

सोळा टन हा आकडा क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचा आहे. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलिया ते ब्रिटन ही हवाई टपालाची वाट तुटली. मधला सगळा पट्टा, अंदमानपासून जावापर्यंत, जपानच्या हातात. मग 1943 च्या मध्यात क्वांटासने पाच कॅटालिना घेऊन पर्थ ते कोग्गला अशी थेट सेवा सुरू केली. पर्थला स्वान नदीच्या पात्रातून, नेडलँड्सहून उडायचं, कोग्गलाच्या या पाण्यात उतरायचं. कॅप्टन रसेल टॅप हे सुरुवातीच्या उड्डाणांचे कप्तान. अंतर सरळ रेषेत सुमारे 5,650 किलोमीटर. मध्ये कुठेही टेकायचं नाही. पुढे ही सेवा कराचीपर्यंत वाढवली. मराठी माणसांनी गजबजलेल्या त्या काळच्या कराचीत ही टपालाची पोती कोरंगीच्या खाडीकडे उतरत असतील असं मला उगाच वाटून गेलं. कोरंगीला तेव्हा कॅटालिनांचा मोठा तळ होता खरा.

आता पुस्तकातला 4,000 चा पल्ला 5,650 ला कसा पुरायचा? इथे दादाचं डोकं चालू झालं आणि माझ्या वहीची दोन पानं गेली.

मूळ विमानाच्या पंखांत सुमारे 6,600 लिटर पेट्रोल मावतं. पंखांत वेगळी टाकी बसवलेली नाही, पंखाचा मधला भागच सांधे बुजवून टाकी केलेला आहे. वजन वाचवायची ती युक्ती. क्वांटासने यावर पोटात जादा टाक्या चढवून एकूण 1,988 गॅलन, म्हणजे 9,000 लिटरच्या आसपास नेलं. नुसत्या पेट्रोलचं वजन साडेसहा टन. विमानाच्या उड्डाणाच्या वेळच्या एकूण वजनातला चाळीस टक्के वाटा त्याचा. बाकीचं काय? बंदुका काढल्या, चिलखती पत्रे काढले, बर्फ वितळवायची यंत्रणा काढली. प्रवासी जास्तीत जास्त तीन, आणि टपाल 69 किलो. एवढंच. साडेसहा टन पेट्रोल जाळून 69 किलो पत्रं.

प्रवास साधारण 27 ते 32 तास. सर्वांत लांबलेलं उड्डाण 32 तास 9 मिनिटांचं. सुमारे 9,000 लिटर भागिले 32 केलं तर दोन्ही इंजिनं मिळून तासाला 280 लिटर. दादाने तो आकडा दोनदा तपासला. म्हणाला, "हे इंजिनियर लोक सोनाराच्या काट्यावर पेट्रोल मोजत होते." उड्डाणानंतरचे पहिले कित्येक तास विमान इतकं जड असायचं की एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर उंची टिकायची नाही. पेट्रोल समुद्रात ओतून हलकं व्हायचं, मग परत फिरायचं. आणि एका टप्प्यानंतर परत फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं.

जपानी टापूच्या जवळचा भाग रात्री पार पडावा अशी वेळ साधत. रेडिओ बंद. दिशा ताऱ्यांवरून. म्हणून पाचही विमानांची नावं ताऱ्यांची: आल्टेअर, वेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. एका प्रवासात सूर्य दोनदा उगवायचा, त्यावरून प्रवाशांना गमतीचं प्रशस्तिपत्र मिळायचं, 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं. दोन वर्षांत 271 फेऱ्या झाल्या.

बेट शेवटी पाहिलं. दालचिनीची साल कशी सोलतात ते तिथल्या आजोबांनी दाखवलं आणि साहजिकच विकलीही.

गुरुवार, त्याच पाण्यावर

आज सकाळी सरोवराच्या काठाने चाललो. कालचा हिशोब टपालाच्या विमानाचा, आजचा गस्तीच्या विमानाचा. विमान तेच, तळं तेच, पण सौदा पार उलटा. हे मला इथे येईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

एप्रिल 1942 च्या सुरुवातीला कॅनडाच्या हवाई दलाची 413 क्रमांकाची तुकडी स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरून थेट इथे आली. स्क्वाड्रन लीडर लेनर्ड बर्चल 2 तारखेला पोचले आणि 4 तारखेला पहाटेच्या अंधारात गस्तीवर निघाले. बेटाच्या आग्नेयेला सुमारे साडेतीनशे मैलांवरच्या समुद्रावर त्यांना पहारा द्यायचा होता. जायला तीन तास, यायला तीन. मधले सगळे तास त्या पट्टीवर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या येरझाऱ्या.

या विमानाला 5,650 किलोमीटर जायचंच नव्हतं. त्यामुळे त्यात बंदुका होत्या, त्या चालवणारी माणसं होती, एकूण नऊ जण. झोपायच्या फळ्या होत्या, चहा-अंडी करायला स्वयंपाकाचा कोपरा होता. पाळीपाळीने झोपल्याशिवाय एवढे तास डोळे समुद्रावर ठेवता येत नाहीत. गस्तीच्या विमानात पेट्रोल टिकतं, पण आधी माणसं संपतात. गोळी लागली तरी आपोआप छिद्र बुजवणाऱ्या टाक्या बसवल्या की जीव वाचायची शक्यता वाढते, पण टाकीत पेट्रोल कमी मावतं आणि वजन वाढतं. पाणबुडीवर टाकायचे बाँब लादले की तेवढे तास वजा. कारखान्यातून निघालेलं विमान लढाईत हळूहळू तासा-तासाने आखूड होत जातं. पुस्तकातला पल्ला वाचणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि युद्धाच्या गप्पांमध्ये आपण विमानांचे आकडे क्रिकेटच्या सरासरीसारखे एकमेकांच्या तोंडावर फेकतो, ते म्हणूनच मला हल्ली पटत नाही.

मी एक हिशोब केला. दोन्ही बाजूंना 25-25 किलोमीटर दिसतंय असं धरलं आणि पट्टीवर दहा तास मिळाले, तर ताशी 200 च्या वेगाने एक विमान लाख चौरस किलोमीटर समुद्र पाहून काढतं. म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ एक तृतीयांश, एका विमानाने, एका दिवसात. ढग नसतील तर. आणि हिंदी महासागर किती आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

बर्चल यांच्या विमानाने दिवसभर काही पाहिलं नाही. परतायच्या आधी आपण नेमके कुठे आहोत याची खात्री करून घ्यायला आणखी एक फेरी घेतली. दुपारी चारच्या सुमाराला दक्षिणेला ठिपके दिसले. जवळ गेले. जपानी अॅडमिरल नागुमोचा ताफा होता, पाच विमानवाहू नौकांसह. संदेश पाठवत असतानाच जपानी झीरो लढाऊ विमानं अंगावर आली. टाक्या पेटल्या, विमान पाण्यात कोसळलं. नवातले सहा जण जपान्यांनी बाहेर काढले, बर्चल त्यांत होते. युद्ध संपेपर्यंत ते कैदेत राहिले. पण संदेशाचा पुरेसा भाग पोचला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेसकोर्सवरची हरिकेन जागी होती. पुढच्या दिवसांत ताफ्याचा माग काढायला गेलेली आणखी कॅटालिना परतली नाहीत.

दादा इथे बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ती जास्तीची फेरी घेतली, कारण टाकीत होतं."

दुपारी सिंहली लेखक मार्टिन विक्रमसिंहे यांच्या घरातलं लोकसंग्रहालय पाहिलं. मासेमारीची जाळी, बैलगाड्या, मुखवटे, सगळं नेटकं मांडलेलं. हवाई तळासाठी इंग्रजांनी इथली गावं अगदी थोड्या मुदतीत रिकामी करायला लावली आणि घरं पाडली. हे एक घर अधिकाऱ्यांच्या राहण्यासाठी ठेवलं म्हणून उभं राहिलं. विमानं, कप्तान, प्रशस्तिपत्रं यांच्या गोष्टी सगळीकडे मिळतात. उठवलेल्या गावकऱ्यांची गोष्ट मात्र तळ्यावरून बोटी फिरवणाऱ्या कुणीच आपणहून सांगितली नाही. ती इथे संग्रहालयात भेटली.

परतताना अहंगामाच्या बाजूला समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे धरणारे पाहिले. ही पद्धत फार जुनी नाही, युद्धकाळातल्या अन्नटंचाईत सुरू झाली असं सांगतात. सुरुवातीला काही जण बुडालेल्या बोटींच्या आणि पडलेल्या विमानांच्या सांगाड्यांवर बसून गळ टाकायचे म्हणे. हल्ली बरेचसे फोटोपुरते बसतात. पैसे आधी ठरवावेत.

शुक्रवार, नुसता रस्ता

कोग्गला ते त्रिंकोमाली हा बेटाचा दक्षिण टोकापासून ईशान्येपर्यंतचा प्रवास आहे आणि तो एका दिवसात करू नये. आम्ही केला. द्रुतगती मार्गाने कोलंबो, मग कुरुनेगला, दंबुल्ला, हबरणा. सिगिरियाचा खडक लांबून पाहिला.

सिगिरिया आणि मिन्नेरिया या दोन्ही नावांना लोक हत्ती आणि भित्तिचित्रांसाठी ओळखतात. युद्धात इथे लिबरेटर या बाँबफेकी विमानांच्या धावपट्ट्या होत्या. चार इंजिनं, चाकं, तळ्याची गरज नाही, आणि वेग कॅटालिनाच्या दीडपट. ब्रिटिशांच्या 160 क्रमांकाच्या तुकडीने 1945 मध्ये मिन्नेरियातून उडून सिंगापूरच्या बंदरात सुरुंग टाकले: जाऊन येऊन वीस-एकवीस तास. लिबरेटरचा पल्ला वाढवायचा म्हणजे काय करायचे, तर चिलखत आणि बंदुकांचे बुर्ज उतरवायचे आणि बाँबच्या कप्प्यात पेट्रोलच्या टाक्या ठेवायच्या. पुन्हा तोच सौदा. क्वांटासनेही जून 1944 पासून पर्थच्या वाटेवर लिबरेटर आणली, आणि कॉकपिटच्या खाली कांगारू रंगवला तो तेव्हापासून.

हबरण्याच्या पुढे अंधार पडला. रस्त्यावर हत्ती होता. चालकाने दिवे मंद करून वाट पाहिली, हत्तीला घाई नव्हती.

शनिवार, त्रिंकोमाली

कोणेश्वराचं दर्शन सकाळी. उंच कड्यावर देऊळ, खाली निळं पाणी. मग चायना बे.

इथे रस्त्यावरून झाडीत अर्धवट दडलेल्या प्रचंड लोखंडी टाक्या दिसतात. इंग्रजांनी नौदलासाठी बांधलेल्या, आज 99 शिल्लक, एकेक 12,000 किलोलिटरच्या वर. त्यातल्या खालच्या बाजूच्या काही लंका आयओसी, म्हणजे आपल्याच इंडियन ऑइलची कंपनी वापरते. बऱ्याचशा गंजून वेलींखाली. 9 एप्रिल 1942 ला जपान्यांनी त्रिंकोमालीवर हल्ला केला, त्यात एक विमान टाकीवर येऊन आदळलं आणि ती टाकी कित्येक दिवस जळत राहिली, असं इथे सांगतात. त्याच दिवशी 'हर्मिस' ही विमानवाहू नौका बट्टिकलोआसमोर बुडाली. तिथे आता डायव्हिंगवाले जातात. आम्ही दोघेही पाण्याला भिणारे.

दादाला मात्र टाकी पाहताच हिशोब सुचला. दुहेरी सूर्योदयाच्या 271 फेऱ्या, प्रत्येकी 9,000 लिटर, म्हणजे चोवीस लाख चाळीस हजार लिटरच्या आसपास. यातल्या एका टाकीचा पाचवा हिस्सा. दोन वर्षांची अख्खी सेवा! अर्थात या टाक्यांत जहाजांचं जाड तेल असायचं, विमानाचं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल नव्हे. ते डब्यांतून, पिंपांतून, कुठून कुठून यायचं. तरीही जहाजांच्या भुकेपुढे विमानाची भूक किती लहान, ते तिथे रस्त्यावर उभं राहून दिसलं. समुद्राची पाहणी करायला एका क्रूझरने तेवढाच भाग फिरायचा म्हटलं तर किती दिवस आणि किती तेल जाईल, यावर आमची तासभर चर्चा झाली. ती इथे लिहीत नाही, कारण दोघांचे आकडे शेवटपर्यंत जुळले नाहीत.

रिक्षावाला कंटाळला. त्याला वाटेत सांगितलं की क्वांटासच्या त्या कॅटालिना युद्ध संपल्यावर समुद्रात नेऊन बुडवल्या, बहुतेक पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटापाशी. विमानं अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर आलेली. अटी अशा की युद्ध संपल्यावर ती परत करायची, विकत घ्यायची किंवा नष्ट करायची. नष्ट करणं स्वस्त पडलं. रिक्षावाल्याने मान डोलावली आणि विचारलं, इंजिनं तरी काढून घेतली होती का?

दादा म्हणाला, "इंजिनं सोड. टाकीत किती शिल्लक होतं?"